तरवडीचा संपादक आणि माझा नमुना

टीव्हीवर वीसेक वर्षं राजकीय चर्चा चालवली की आपण त्या पत्रकाराला ‘ज्येष्ठ’ म्हणतो. आता आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) एका माणसाचा हिशोब बघा. मुकुंदराव पाटील. जन्म १८८५. नेवासा तालुक्यातल्या तरवडीच्या या संपादकानं १९१० साली ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केलं आणि १९६७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ आयुष्यभर, ते चालवलं. सत्तावन्न वर्षं!

पत्रकारिता रक्तातच होती म्हणा ना. वडील कृष्णराव भालेकर. त्यांनी १८७७ मध्ये पुण्यात सत्यशोधक विचारांचं ‘दीनबंधु’ काढलं होतं. मुलानं मात्र पुणं निवडलं नाही. ना रेल्वे स्टेशन, ना मोठी बाजारपेठ, अशा गावातून पत्र काढलं. तेही १९१० मध्ये, ज्या वर्षी इंग्रज सरकारनं छापखान्यांकडून जामीन मागणारा प्रेस कायदा आणला.

ते लिहायचे कुणावर? पुस्तकांची नावंच सांगतात: ‘कुलकर्णी लीलामृत’, ‘शेटजीप्रताप’, ‘देशभक्त लीलासार’. गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे, कर्जाची वही सावकाराकडे. शेतकऱ्याला दोन्ही वाचता येत नसत. ‘कुलकर्णी लीलामृत’ त्यांनी पोथीसारखं ओवीत लिहिलं. मला ही निवड फार हुशारीची वाटते. पोथी एकजण वाचतो आणि ओसरीवर बसलेले सगळे ऐकतात. मग वाचक मोजायचे कसे? फक्त खपाच्या आकड्यावरून?

इथे माझ्यातला एमएस्सीवाला जागा होतो. टीआरपीसाठी निवडक घरांत यंत्रं बसवतात. निवड चुकली तर यंत्र कितीही अचूक असो, निष्कर्ष चुकणारच. इतिहासातही तेच होतं. १९१० च्या दशकात ‘महाराष्ट्राला काय वाटत होतं’ हे मी फक्त पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांवरून ठरवलं, तर स्वराज्याचा प्रश्न मोठा दिसेल आणि गावच्या दप्तराचा प्रश्न दिसणारच नाही. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बरखास्त केली. म्हणजे तो प्रश्न होताच; माझ्या नमुन्यात नव्हता, इतकंच.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या आराखड्यात तरवडीचं नाव नव्हतं. मी याच जिल्ह्यातला असून! आता नमुना बदललाय, काम दुपटीनं वाढलंय. तुमच्या घरी माळ्यावर जुनी साप्ताहिकं असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा.