गुलामगिरीचे चित्रपट आणि इतिहासाचें सत्य

ऐतिहासिक चित्रपटांतील चुका काढणें हें टीकाकाराचें सर्वांत सोपें काम होय. वेष चुकला, सन चुकला, एकाचें भाषण दुसऱ्याच्या तोंडीं घातलें, एवढें दाखविलें कीं इतिहासाचें रक्षण झालें, असें त्यास वाटतें. गुलामगिरी व तिचें उच्चाटन यांवरील इंग्रजी चित्रपट पाहतां आमचें मत निराळें झालें आहे. या विषयांत खोटें सांगण्यानें इतिहासाची जेवढी हानि होते, तिच्याहून अधिक हानि खरें वगळल्यानें होते.

प्रथम 'लिंकन' हा २०१२ सालचा चित्रपट घेऊं. गुलामगिरी नष्ट करणारी अमेरिकेची तेरावी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजीं प्रतिनिधिगृहांत ११९ विरुद्ध ५६ मतांनीं संमत झाली. चित्रपटांत कनेक्टिकटचे दोन सभासद विरुद्ध मत देतात; वस्तुतः त्या राज्याच्या चारही सभासदांनीं अनुकूल मत दिलें होतें. यावर पुढें बरीच ओरड झाली, व ती रास्तच होती. परंतु स्वतः दास्यांतून पळून आलेला, आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या समान वेतनासाठीं १८६३ सालीं लिंकनची समक्ष भेट घेणारा फ्रेडरिक डग्लस या चित्रपटांत औषधालाही नाहीं, ही त्याहून मोठी उणीव होय. आरंभीं कृष्णवर्णीय सैनिक राष्ट्राध्यक्षाशीं बोलतात हें खरें. पण पुढें स्वातंत्र्याचा बहुतेक व्यवहार गोऱ्या मुत्सद्द्यांतच चालतो.

उलट 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) पाहा. सॉलोमन नॉर्थप या स्वतंत्र गृहस्थास १८४१ सालीं फसवून नेऊन विकण्यांत आलें. त्याच्या १८५३ सालच्या आत्मकथनावर हा चित्रपट आधारलेला आहे. जहाजावर एक खलाशी एका बंदिवानाचा खून करतो, हा प्रसंग कल्पित आहे. पुस्तकांत तो मनुष्य देवीच्या रोगानें मरतो. म्हणजे चूक येथेंही आहेच. तथापि ज्याच्या पाठीवर फटके बसले, त्याच्याच दृष्टीनें कथा सांगितल्यामुळें एकंदर चित्र विश्वसनीय उतरलें आहे.

'अमेझिंग ग्रेस' (२००६) या चित्रपटाची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्याचा नायक विल्यम विल्बरफोर्स. त्याची वीस वर्षांची चिकाटी खोटी नव्हे. पण १८०७ च्या कायद्याच्या जयघोषांत कथा संपते, आणि गुलामगिरीच संपली, अशा समजुतीनें प्रेक्षक घरीं जाण्याचा संभव राहतो. त्या कायद्यानें बंद झाला तो गुलामांचा व्यापार; वेस्ट इंडीज बेटांतील गुलाम गुलामच राहिले. डिसेंबर १८३१ मध्यें जमेकांत सॅम्युएल शार्प याच्या नेतृत्वाखालीं हजारों गुलामांनीं बंड केलें. शार्प १८३२ सालीं फांसावर गेला. पण मुक्तीचा प्रश्न पार्लमेंटला यापुढें टाळतां येईना. १८३३ चा कायदा झाला तो त्यानंतर. त्यानें मालकांस दोन कोटि पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांस एक पैही नाहीं. उलट, त्यांतील बहुतेकांस १८३८ पर्यंत 'शिकाऊ उमेदवार' या नांवाखालीं जुन्या धन्याकडेच राबावें लागलें. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर या कायद्यांतून वगळलाच होता. हिंदुस्थानांत गुलामगिरीस कायद्याचा आधार नाकारला गेला तो १८४३ सालीं.

एवढें सारें एका चित्रपटांत मावणार नाहीं, हें आम्ही जाणतों. दोन तासांत कांहीं गाळावें लागतें, कांहीं जुळवावें लागतें. परंतु गाळलें तें काय, हें पाहिलें पाहिजे. बंड करणारा गुलाम गाळला आणि मालकाच्या हातीं पडलेली रक्कमही गाळली, म्हणजे स्वातंत्र्य हें थोरांनीं घातलेलें दान ठरतें. दान घेणाऱ्यानें कृतज्ञ असावें अशी जगाची अपेक्षा असते. त्याचें देणें कोणाकडे राहिलें आहे काय, हें मग कोणी विचारीत नाहीं. म्हणून अशा चित्रपटांचा खरेखोटेपणा तपासतांना सनावळीच्याही आधीं एक प्रश्न विचारावा: यांत गुलाम स्वतः काय करतो?