विस्मृतीचे निदान

फ्रान्सच्या दक्षिणेस आव्हिन्यों शहराजवळ मझां हे एक लहानसे गाव आहे. पेलिको दांपत्य २०१३ मध्ये पॅरिसचा परिसर सोडून तेथे राहावयास गेले. जिझेलबाईंना तत्पूर्वीच एका चमत्कारिक व्याधीने ग्रासले होते. मुलांशी टेलिफोनवर झालेले संभाषण त्यांस दुसऱ्या दिवशी स्मरत नसे. कित्येक तासांचा हिशेबच लागत नसे. वजन घटले, केस गळू लागले. हा स्मृतिभ्रंश असावा किंवा मेंदूत गाठ झाली असावी, या भीतीने त्यांनी डॉक्टरांचे उंबरठे झिजविले. मेंदूची तपासणी झाली. दोष सापडला नाही. स्त्रीरोगाची तक्रार दुसऱ्या डॉक्टरांपुढे गेली. दोन्ही तक्रारी एकत्र ठेवून कोणी पाहिल्या नाहीत. पती काळजीने सोबत येत असे.

सप्टेंबर २०२० मध्ये कार्पेंत्रास येथील एका दुकानात हाच पती स्त्रियांचे चोरून चित्रण करताना पकडला गेला. त्याच्या संगणकात पोलिसांना निराळेच चित्रण आढळले. २०११ पासून तो पत्नीच्या अन्नपाण्यात लोराझेपाम मिसळीत होता आणि ती निश्चेष्ट पडली असता परपुरुषांना घरी बोलावीत होता. निदान झाले ते असे, पोलिसांकडून!

लोराझेपाम हे काही अपरिचित विष नव्हे. चिंता व निद्रानाश यांवर ते दिले जाते. शस्त्रक्रियेपूर्वीही देतात, कारण त्याच्या अमलातील प्रसंग रुग्णास पुढे आठवत नाहीत. शस्त्रक्रियागृहात उपयोगी म्हणून ठाऊक असलेला हा गुण तपासणीच्या खोलीत मात्र कोणाला सुचला नाही. त्यासाठी पतीला क्षणभर बाहेर बसवून बाईंना एकटीला विचारावयास हवे होते. प्रतिष्ठित घरातील वृद्ध जोडप्यापुढे असा प्रश्न डॉक्टरांच्या जिभेवर येत नाही, हे समजण्याजोगे आहे. क्षम्य आहे असे म्हणवत नाही.

२ सप्टेंबर २०२४ रोजी आव्हिन्यों येथे खटला उभा राहिला. बाईंनी न्यायालयाची दारे उघडी ठेवावयास लावली. १९ डिसेंबरला सर्व ५१ आरोपी दोषी ठरले; पतीस २० वर्षांची शिक्षा झाली.

अशा प्रकरणी काळ हाच मोठा शत्रू असतो. जी.एच.बी. नावाचे गुंगीचे द्रव्य सुमारे १२ तासांत लघवीतूनही नाहीसे होते. इतर काही औषधे थोडे दिवस टिकतात. म्हणून शंका येताच पहिली लघवी राखून ठेवावी लागते. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पोलिसांत तक्रार नसली तरी पीडितेस उपचार नाकारता येत नाहीत. ही मुदत टळून गेली तर डोक्याचे केस उरतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि घेतलेल्या औषधाचा अंश त्यात महिनोन्‌महिने राहू शकतो.