नांव एकाचें, उपभोग दुसऱ्याचा

देवालय कोणीं बांधलें, पहिली घंटा केव्हां वाजली, कोणत्या धर्मगुरूंनीं किती वर्षें सेवा केली, हें ज्युबिलीच्या पुस्तकांत लिहिण्याचा परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. आम्ही मात्र येथें एक निराळा प्रश्न वाचकांपुढें मांडूं इच्छितों. ज्या भूमीवर देवालय उभें असतें, ती भूमि कोणाची? वर्गणी दिली ती लोकांनीं, दस्तऐवजावर नांव दुसऱ्याचें, आणि तेथें गुडघे टेकणारे तिसरेच. या तिघांचें नातें कायद्यानें कसें जुळविलें, याचा इतिहास आपल्या धर्मसभेच्या इतिहासाशीं इतका गुंतलेला आहे कीं, तो आपणांस ठाऊक असूं नये हें आश्चर्य होय.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत नांद्याच्या शेजारीं चांदे म्हणून एक गांव आहे. हिंजवडीचा उद्योग वाढल्यापासून त्या बाजूच्या जमिनींस जो भाव आला, त्यामुळें तिकडे सातबारा वाचणें हा पोरखेळ राहिलेला नाहीं. पुणें जिल्ह्यांत ठिकठिकाणीं जुन्या देवस्थान-इनामाच्या जमिनी आहेत. अशा जमिनीच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून देवाचें नांव असतें. पूजा करणारा गुरव अगर व्यवस्था पाहणारा वहिवाटदार याचें नांव असलेंच तर इतर हक्कांत. जमीन नांगरतो माणूस, पीक विकतो माणूस, पण मालक म्हणून नोंद देवाची. परक्याला हें चमत्कारिक वाटेल. तथापि नांव एकाचें व उपभोग दुसऱ्याचा ही वांटणी आपल्या मावळांत जशी जुनी, तशीच ती युरोपांतही जुनी आहे. व तेथें ती एका भिक्षुसंघाच्या दारिद्र्यव्रतांतून कशी फोफावली तें पाहण्याजोगें आहे.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनीं सन १२२३ च्या नियमांत आपल्या बंधूंना सांगितलें कीं, घर, जागा वा कोणतीही वस्तु आपली म्हणूं नये. संतांचा अंत १२२६ सालीं झाला. तोंपर्यंत बंधूंची संख्या हजारोंवर गेली होती. त्यांना निजावयास छप्पर, वाचावयास पुस्तकें व प्रार्थनेस मंदिर हवें होतें. मग व्रत मोडावें, कीं उघड्यावर राहावें? १२३० सालीं परमगुरुस्वामी नववे ग्रेगरी यांनीं तोड काढली. हे संतांचे जुने स्नेही. त्यांनीं ठरविलें कीं, बंधूंकडे केवळ उपयोग असावा, मालकी नसावी. पुढें १२४५ त चौथे इनोसंट यांनीं ती मालकी रोमच्या धर्मपीठाकडे घेतली, आणि १२७९ त तिसरे निकोलस यांनीं ही व्यवस्था कायम केली. वसईस व मंडपेश्वरास ज्यांनीं मठ बांधले, ते याच संघाचे होत.

परंतु बाविसावे जॉन हे कायदेपंडित होते व त्यांना ही युक्ति रुचली नाहीं. त्यांनीं १३२२ सालीं रोकडा प्रश्न विचारला: बंधु जें अंडें खातात, जो भाकरीचा तुकडा मोडतात, त्याची मालकी रोमकडे राहते म्हणजे काय? जी वस्तु वापरतांच नाहींशी होते, तिचा उपयोग मालकीपासून वेगळा कसा काढणार? त्यांनीं अशा वस्तूंवरील मालकीचा त्याग केला आणि संघांत मोठा कलह माजला. संघाचे प्रमुख मिखाएल व तत्त्ववेत्ते ओखमचे विल्यम १३२८ त आव्हिन्यों येथून निसटले. आमच्या मतें अंड्यापुरता परमगुरुस्वामींचा तर्क बिनतोड होता. पण जमीन म्हणजे अंडें नव्हे. ती वापरून संपत नाहीं, आणि म्हणूनच तिची मालकी व तिचा उपभोग हीं दोन निरनिराळ्या हातीं राहूं शकतात.

इंग्लंडांत हेंच घडलें. फ्रान्सिस्कन बंधु तेथें १२२४ सालीं उतरले. कँटरबरीस त्यांना जागा मिळाली, ती नगरच्या लोकांच्या नांवावर राहिली. लंडनांत एका नागरिकानें जमीन विकत घेतली व ती नगरजनांच्या स्वाधीन करून वापर बंधूंकडे ठेविला. या व्यवस्थेस इंग्रजींत ‘यूज’ म्हणूं लागले. हा शब्द लॅटिनच्या ‘उपयोग’ या अर्थाच्या शब्दापासून आला असें सहज वाटतें, पण इतिहासकार मेटलंड यांनीं दाखविलें कीं, तो ‘ओपुस’ म्हणजे ‘च्यासाठीं, च्या कामीं’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. भिक्षूच या युक्तीचे जनक होते असें मात्र समजूं नये. जमीनदारांनाही तिची गोडी लागली, कारण त्या काळीं जमीन मृत्युपत्रानें देतां येत नसे व वारस अज्ञान असल्यास सरदार त्याची जहागीर ताब्यांत घेई. तेव्हां जमीन मित्रांच्या नांवें करावी व त्यांनीं ती आपल्या मुलांबाळांसाठीं सांभाळावी, असा प्रघात पडला.

पण मित्र फिरला तर? राजाच्या न्यायालयांत ज्याचें नांव तोच मालक. विधवा व पोरकीं मुलें तेथून रित्या हातानें परत येत. तीं चॅन्सलरकडे धांव घेत, आणि त्या काळचे चॅन्सलर बहुधा महागुरुस्वामी असत. ते नांव असलेल्या इसमाला समक्ष बोलावून विचारीत: जमीन तुझ्या नांवावर आहे हें खरें, पण तूं शब्द दिला होतास कीं नाहीं? मालकी ते काढून घेत नसत. मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीस बांधून टाकीत. कबुलीजबाबाच्या वेळीं जो प्रश्न धर्मगुरु विचारतो, तोच प्रश्न न्यायासनावरून विचारला गेला, आणि त्यांतून विश्वस्तपणाचा कायदा उभा राहिला. आठव्या हेन्रीनें १५३६ त कायदा करून ही पद्धति बुडविण्याचा यत्न केला. वकिलांनीं त्यांतूनही वाट काढली, ती आज ‘ट्रस्ट’ या नांवानें जगभर चालते.

हिंदुस्थानांत ती १८८२ च्या विश्वस्त कायद्यानें आली, पण बदललेल्या रूपांत. इंग्रजांनीं एकाच जमिनीचे दोन मालक कल्पिले होते, एक कायद्यानें व एक न्यायबुद्धीनें. आपल्या कायद्यानें मालक एकच मानला: विश्वस्त. मात्र त्याच्या मालकीला एक कर्तव्य चिकटविलें, व लाभार्थ्याला तें कर्तव्य पार पाडून घेण्याचा हक्क दिला. इकडे दुहेरी मालकी नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनेंही १९३१ त सांगितलें. आम्हांला ही मांडणी इंग्रजांच्या मांडणीपेक्षां सरळ वाटते.

धार्मिक देणग्या त्या कायद्यानें वगळल्या होत्या. त्यांचा विचार न्यायालयांनीं निराळा केला. गुजराथेंतील डाकोर येथें रणछोडरायापुढें यात्रेकरू जें वाहत, तें आमचें खाजगी उत्पन्न, असें तेथील सेवक म्हणत. मुंबई हायकोर्टानें १८८७ त ठरविलें कीं, तें देवस्थानचें आहे व सेवकांनीं हिशेब दिला पाहिजे. पुढें १९५६ त सर्वोच्च न्यायालयानें आणखी एक पाऊल टाकलें: मालमत्ता देवाच्या नांवें असली तरी तिचे खरे लाभार्थी म्हणजे तेथें भजणारे लोक.

जेथें असें कर्तव्य मालकीला चिकटलेलें नसतें तेथें काय होतें, हें मुळशीनें पाहिलें आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस तेथें सत्याग्रह सुरू झाला. पुढें सेनापति बापट त्याचे अग्रणी झाले. पुष्कळ जमिनी कर्जापायीं पुण्याच्या सावकारांच्या नांवें गेलेल्या होत्या. कसणारा मावळा, राहणारा मावळा. पण कागदावर सावकार. मोबदल्याची वेळ येतांच सावकारांतील पुष्कळांनीं पैसे घेतले व ते चळवळींतून बाजूस झाले; मावळ्यांची शेतें पाण्याखालीं गेलीं. चांदे धरणाच्या खालच्या अंगास, पूर्वेकडे, म्हणून राहिलें. सावकाराला ‘तूं कोणासाठीं ही जमीन धरली आहेस?’ असें विचारण्याची सोय कायद्यांत नव्हती, कारण त्यानें कोणासाठीं धरलेलीच नव्हती. नांव व उपभोग वेगळे झाले, पण मध्यें शब्द नव्हता.

उलट, केवळ लपविण्यासाठीं दुसऱ्याचें नांव लावणें, ज्यास आपण बेनामी म्हणतों, तें इकडे दीर्घकाळ चालत आलें. पैसा ज्याचा त्याचीच जमीन, असें १८८२ चा कायदाही मानी. १९८८ त तें कलम रद्द होऊन बेनामी व्यवहार निषिद्ध झाला.

आतां आपल्या घरचें. मुंबई राज्यांत १९५० सालीं सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा झाला. आज तो महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो. मंदिर, मठ, अग्यारी यांच्याप्रमाणेंच ख्रिस्ती देवालयही त्यांत येतें. सरकारनें धर्मादायांत किती हात घालावा यावरून वाद झाला, आणि १९५४ त सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्याचीं कांहीं कलमें रद्द केलीं. बाकीचा कायदा टिकला. त्याप्रमाणें मालमत्तेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत असते, हिशेब तपासावे लागतात, आणि स्थावर मिळकत विकण्यापूर्वीं आयुक्तांची मंजुरी लागते. विश्वस्तांनीं शब्द मोडल्यास, ज्यांचा हितसंबंध आहे अशा दोन किंवा अधिक व्यक्तींस आयुक्तांच्या संमतीनें दावा लावतां येतो. त्यांना जमिनीचा तुकडाही आपल्या नांवावर असावा लागत नाहीं. देवालयाशीं त्यांचा हितसंबंध असला म्हणजे झालें.