गुण दाखवा, मगच सोय?

ऑटिझम, डिस्लेक्सिया किंवा एडीएचडी असलेल्यांना नोकरीत घ्या, असे हल्ली अनेक मोठ्या कंपन्या आवर्जून सांगतात. कारण ठरलेले: ही माणसे आकड्यांत तल्लख असतात, सॉफ्टवेअरमधली बारीक चूक चटकन हेरतात, तेव्हा फायदा कंपनीचाच. या म्हणण्यामागे सद्भाव आहे, आधारही आहे. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन यांनी २००४ मध्ये स्थापलेल्या ‘स्पेशलिस्टर्ने’ने ऑटिझम असलेल्यांना सॉफ्टवेअर तपासणीची कामे दिली, २०१३ मध्ये जर्मनीच्या ‘सॅप’ने तोच मार्ग धरला. हे काम मोलाचेच आहे.

तरीही हा युक्तिवाद मला घातक वाटतो. नोकरीतली सोय ही गुणाच्या मोबदल्यात मिळते असे एकदा मानले, की ज्याच्याकडे दाखवण्याजोगे काही नाही त्याने काय करायचे? ऑटिझम असलेल्यांत अचाट प्रतिभेचे लोक थोडेच. उलटा समज पसरवला तो ‘रेन मॅन’ (१९८८) या चित्रपटाने. आणि त्यातल्या पात्रामागची प्रेरणा असलेल्या किम पीक यांना ऑटिझम नव्हताच, असे पुढे तज्ज्ञांनी सांगितले.

बहुसंख्य माणसे चारचौघांसारखी असतात आणि त्यांच्या गरजाही साध्या. साहेब जिना उतरता उतरता तीन कामे एका दमात सांगतात, “जरा बघून टाका” म्हणतात आणि निघून जातात. एडीएचडी असलेल्या लिपिकाच्या लक्षात त्यातले एखादेच राहते. संध्याकाळी ठपका मात्र तिन्हींचा. तीच कामे तारखेसह कागदावर आली असती, तर त्याला धरायला काहीतरी मिळाले असते. झेरॉक्स मशीनशेजारी, लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली बसून दुपारपर्यंत गळून जाणाऱ्या ऑटिझम असलेल्या बाईंचे टेबल कोपऱ्यात हलवायला शिपायाची दहा मिनिटे पुरतात. यासाठी अलौकिक बुद्धीचा दाखला कशाला?

कायदाही तो मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वाजवी सोय नाकारण्याला भेदभावच मानतो. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार या परीक्षार्थींना लेखनिक मिळावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अटही त्याआड येऊ दिली नाही. महाराष्ट्राला हे तत्त्व परके नाही. अध्ययन अक्षम मुलांना १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या, त्या ‘तू हुशार आहेस का’ असे विचारून नव्हे. ती मुले आज चाळिशी ओलांडून कार्यालयांत बसली आहेत. शाळेने ओळखलेली त्यांची गरज नोकरीत शिरताच संपली, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

इतरांवर अन्याय होतो, हा आक्षेप टिकत नाही. लेखी सूचना सगळ्यांनाच द्या. कोणाचेही नुकसान होणार नाही.

याच अधिनियमाच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. आपल्या कार्यालयाचे धोरण मागून घ्या, आणि त्यात ऑटिझम व अध्ययन अक्षमता यांच्यासाठी काय लिहिले आहे तेही पाहा.