मेल्क : सोंगातला संगमरवर आणि मठाचे सत्त्व

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीकाठच्या खडकावर उभा असलेला मेल्कचा मठ प्रथमदर्शनी राजवाडाच वाटतो. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या संन्याशांना एवढे वैभव कशाला, असा प्रश्न कुणालाही पडावा. त्याचे उत्तर वास्तूच्या रचनेतच शोधावे लागते.

बाबेनबर्ग घराण्यातील दुसऱ्या लिओपोल्डने १०८९ मध्ये हे ठिकाण बेनेडिक्टाइन संन्याशांना दिले. आजची वास्तू मात्र बरोक काळातली. १६८३ मध्ये व्हिएन्नाला पडलेला तुर्की वेढा उठला आणि ऑस्ट्रियात बांधकामांना बहर आला. १७०० मध्ये मठाधिपती झालेल्या बेर्टहोल्ड डीटमायरने १७०२ मध्ये याकोब प्रांडटाउअर या स्थपतीकडे पुनर्बांधणी सोपवली. १७२६ मध्ये प्रांडटाउअर वारला. उरलेले काम योझेफ मुंगेनास्टने १७३६ मध्ये तडीस नेले.

नदीच्या बाजूने पाहिले की रचनेचा अर्थ उलगडतो. मधोमध दोन मनोऱ्यांचे चर्च. एका अंगाला पाहुण्यांसाठीचे संगमरवरी दालन, दुसऱ्या अंगाला ग्रंथालय. दोन्ही वास्तू चर्चसमोरच्या अर्धगोल सज्जाने जोडलेल्या. म्हणजे सत्ता आणि विद्या आमनेसामने, आणि मध्ये धर्म. राजपरिवाराच्या मुक्कामासाठी राखलेल्या भागातला सम्राटांचा मार्ग १९६ मीटर लांब आहे. राजाश्रय हवा, तर राजाला उतरायला जागाही हवी, हा व्यवहार त्यामागे होता.

गंमत अशी, की संगमरवरी दालनात खरा संगमरवर फक्त दारांच्या चौकटींना आहे. भिंती गिलाव्याच्या, संगमरवराचा आभास देणाऱ्या. छतही सपाटसेच, पण पाउल ट्रोगरच्या चित्रांमुळे ते आभाळात उघडल्यासारखे भासते. पाहणाऱ्याला दिपवणे हे बरोक शैलीचे उद्दिष्टच होते.

पण दिपवण्याने मठ तगत नाहीत. १७८० च्या दशकात सम्राट दुसऱ्या जोसेफने शेकडो मठ बंद केले. केवळ ध्यानधारणा करणारे आणि समाजाच्या उपयोगी न पडणारे मठ त्याला नको होते. मेल्क वाचला तो शाळा आणि आसपासच्या गावांतली धर्मसेवा यांच्या बळावर. पुढे विसाव्या शतकात आर्थिक ओढगस्तीपायी मठाला गुटेनबर्ग बायबलची आपली प्रतही विकावी लागली. १९२६ मध्ये ती अमेरिकेतील येल विद्यापीठात पोहोचली.

बाराव्या शतकापासूनची परंपरा सांगणारी ती शाळा आजही भरते. सम्राटांच्या दालनांत आता संग्रहालय आहे; वर्गांत मात्र मुले आहेत. राजासाठी बांधलेले प्रेक्षणीय ठरले, विद्येसाठी राखलेले जिवंत राहिले.