भेंड्यांची मोजणी

मंडळी, भेंड्या आपण सगळेच खेळलो आहोत. गाणे अडले की समोरचा पक्ष आकडे मोजू लागतो, आणि दहा होईपर्यंत सुचले नाही तर भेंडी चढते. भेंडी चढली म्हणून कोणी डावातून उठत नाही. शिवाय मोजणी मोठ्याने होते. ओसरीवरच्या साऱ्यांना ती एकाच वेळी ऐकू जाते. माझा आजचा विषय ही मोजणीच आहे, बरं का!

खेळ फार जुना. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिका, म्हणजे कोडे, आहे आणि तिच्या पाठोपाठ प्रतिमाला. यशोधर या टीकाकाराने प्रतिमाला म्हणजे अंत्याक्षरीच, असे सांगितले आहे. पुढे हा सवाल-जबाब सभागृहात गेला, रेडिओवर आला. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले. त्यात सर्वांत आधी उत्तर देण्यासाठी दहा स्पर्धकांची झुंबड उडे. अंतर क्षणाच्या अंशाचे. पण दहाही जण एका छपराखाली, एकाच घड्याळापुढे. ओसरीवरची मोजणीच ती, फक्त विजेवर चालणारी.

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील विद्यापीठात २००६ साली आल्फ इंगे वांग या प्राध्यापकांनी वर्गातल्या प्रश्नमंजूषेचा प्रयोग आरंभला. त्यातूनच २०१३ साली ‘कहूट’ हा खेळ सर्वांना खुला झाला. प्रश्न पडद्यावर, उत्तर मोबाइलवर. आणि बरोबर उत्तर जितके लवकर, तितके गुण जास्त.

तसलाच एक खेळ एका तरुण गुरुजींनी स्वतः तयार केला होता. भाटघर धरणाजवळच्या एका गावी तो खेळताना मी पाहिला. मुले आपापल्या घरून खेळत होती. डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीतील मुलीची सगळी उत्तरे बरोबर, तरी नंबर शेवटचा! कारण साधे होते. तिच्याकडे ‘रेंज’ अपुरी. प्रश्नच उशिरा पोहोचत होता आणि मोजणी मात्र प्रश्न सुटल्या क्षणापासून चालू होती. मुलीला वाटले, आपणच मंद आहोत. हे मला फार लागले.

गुरुजींनी आधी प्रत्येक मोबाइलवर प्रश्न दिसल्यापासून वेळ धरून पाहिला. पण मोबाइलचे घड्याळ विश्वासाचे नसते. हुशार पोरे ते फिरवतात. मग त्यांनी दुसरी तोड काढली. प्रश्न सर्वांकडे आधी झाकून पाठवायचा, पोच आली की एकदम उघडायचा; आणि थोड्याशा फरकाला गुण कापायचे नाहीत. पोचेसाठी कुठवर थांबायचे, ही मर्यादाही ठरवावी लागली, नाहीतर एकासाठी सारे ताटकळत बसतील.

प्रश्नांचीही डागडुजी झाली. ‘भाटघरला कोणाचे नाव दिले आहे?’ असा एक प्रश्न होता. उत्तर ठरलेले : येसाजी कंक. एका मुलाने ‘लॉइड’ लिहिले आणि त्याचे गुण गेले. तो भांडायला आला. म्हणाला, “गुरुजी, आमचे आजोबा लॉइड धरणच म्हणायचे.” खरेच आहे की! वेळवंडी नदीवरचे हे धरण ब्रिटिश अमदानीत बांधले गेले तेव्हा त्याला गव्हर्नर लॉइड यांचे नाव होते; येसाजी कंकांचे नाव जलाशयाला आहे. प्रश्नात धरण की जलाशय, हेच नव्हते. गुरुजींनी त्याचे गुण परत दिले, प्रश्नात ‘जलाशयाला’ हा शब्द घातला, आणि पुढचा प्रश्न त्या मुलाकडूनच लिहून घेतला.