फटफटीची बॅटरी : तीन प्रश्नांचा इतिहास

कोल्हापूर हें नांव उच्चारतांच गूळ, कुस्ती आणि अंबाबाईचें देऊळ हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या नगरीची आणखी एक ख्याति आहे. परमुलखांतून आलेलें यंत्र उघडावें, त्याचें मर्म जाणावें आणि मग तसेंच आपल्या हातानें घडवावें, ही येथील कारागिरांची जुनी रीत होय. १९२० सालीं पडद्यावर आलेल्या 'सैरंध्री'चे कर्ते बाबुराव पेंटर यांनीं चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरांतच तयार केला. नदीचें पाणी उसाला चढविणाऱ्या तेलाच्या इंजिनांची कामें करतां करतां येथील ओतशाळा आणि लेथचे कारखाने वाढले; शिवाजी उद्यमनगर ही त्यांची पेठ झाली. फटफटीची बॅटरी विजेनें भारणें हें या यंत्रविद्येचें अगदीं लहान अंग आहे. परंतु यंत्राचें मर्म जाणल्यावांचून त्याला हात लावूं नये, हा धडा तेथेंहि तितकाच लागू पडतो.

पुनः पुनः भारतां येणारा शिशाचा विद्युत्घट फ्रान्समध्यें गास्ताँ प्लान्ते यानें १८५९ सालीं सिद्ध केला. पुढें १८८१ च्या सुमारास कामीय फोर यानें शिशाच्या पत्र्यांवर शेंदराचा लेप दिला, आणि घटाची साठवणशक्ति पुष्कळ वाढली. देवळांत मूर्तीला लागणारा शेंदूर म्हणजे शिशाचेंच भस्म, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही विद्या तितकी परकी वाटत नाहीं. घटांतून वीज खर्च होऊं लागली कीं दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर गंधकाम्लापासून झालेला शिशाचा क्षार बसतो व आम्ल पातळ होतें. उलट प्रवाह दिला कीं क्षार विरघळून सर्व पूर्ववत् होतें. घट रिता ठेवला तर तो क्षार कठीण होऊन बसतो. प्रमाणाबाहेर भारला तर पाण्याचें विघटन होऊन वायु सुटतात, पत्रे तापतात आणि त्यांवरील लेप झडतो. उपासमार आणि अजीर्ण या दोन संकटांमधून वाट काढणें म्हणजेच बॅटरी भारणें.

आरंभीच्या कित्येक फटफट्यांत ठिणगी मॅग्नेटोपासून मिळे. बॅटरी असलीच तर ती दिव्यापुरती असे. बॅटरी निकामी झाली तर अंधार होई, परंतु गाडी चाले. पुढें ठिणगीचें कामहि बॅटरीकडे आलें. १९५५ पासून मद्रासला एन्फील्ड बुलेट जुळूं लागली. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यांतून जावा निघूं लागली. राजदूत तर खेड्यापाड्यांत दुधाच्या किटल्या वाहूं लागली. या जुन्या गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची, म्हणजे तीन घटांची असे.

त्या काळच्या चार्जिंगच्या दुकानांत आंकडे दाखविणारीं बटणें नव्हतीं. अनेक बॅटऱ्या एका माळेंत जोडून, मध्यें विजेचे दिवे रोधक म्हणून घालून, मंद प्रवाह तासन् तास सोडीत. किती दिवे जोडावयाचे, घटांतून बुडबुडे केव्हां उठतात, आणि आम्लाची घनता मोजणारी हायड्रोमीटरची नळी काय सांगते, हें पाहून मिस्त्री आपला निर्णय करी. मात्र माळेंत सर्वांना प्रवाह सारखाच मिळतो. लॉरीच्या मोठ्या बॅटऱ्यांच्या पंक्तीला फटफटीची लहानगी बॅटरी बसविली कीं तिला अजीर्ण ठरलेलें असे.

हल्लींच्या चार्जरवरील बटणें म्हणजे त्या मिस्त्रीलाच विचारलेले तीन प्रश्न होत. पहिला प्रश्न घटांच्या संख्येचा. शिशाच्या प्रत्येक घटाचा दाब सुमारें २ व्होल्ट असतो. भरतांना तो २.४ च्या आसपास न्यावा लागतो. म्हणून ६ व्होल्टच्या बॅटरीला सुमारें ७.२, तर १२ व्होल्टच्या बॅटरीला सुमारें १४.४ व्होल्ट. गाड्या सहावरून बारावर आल्या तेव्हां हा प्रश्न उपस्थित झाला. जुनी जावा जतन करणाऱ्या हौशी माणसाला तो आजहि चुकत नाहीं. बारांच्या बटणावर सहाची बॅटरी लावली तर ती उकळून नष्ट होते.

दुसरा प्रश्न सामर्थ्याचा. बॅटरीवर अँपिअर-तासांचा जो आंकडा असतो, त्याच्या दशांशाइतका प्रवाह द्यावा, हा जुना आणि सुरक्षित नियम आहे. ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.९ अँपिअर पुरे. पूर्ण रिती असल्यास दहा-बारा तास लागतील. मोटारीच्या चार्जरचे १० अँपिअर तिच्यांत कोंबणें म्हणजे तान्ह्या मुलाला पैलवानाचा खुराक पाजणें होय.

तिसरा प्रश्न जातीचा, आणि तो सर्वांत नवा. १९५७ मध्यें जर्मनींत आम्ल घट्ट करून जेलची बॅटरी निघाली. १९७० नंतरच्या दशकांत कांचतंतूंच्या गादींत आम्ल शोषून ठेवणारी बंदिस्त बॅटरी अमेरिकेंत तयार झाली. १९९७ सालीं पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनीं टेक्सास विद्यापीठांतून लोह-फॉस्फेटयुक्त लिथियम घटाचें संशोधन प्रसिद्ध केलें. पाण्याच्या बॅटरींत उडालेलें पाणी पुन्हा घालतां येतें. बंदिस्त बॅटरींत तें घालतां येत नाहीं, म्हणून तेथें दाबाची चूक कायमची ठरते. जेलला दाब थोडा कमीच लागतो. आणि जुन्या शिशाच्या बॅटरीचा कठीण क्षार फोडण्यासाठीं कांहीं चार्जर दाबाचे झटके देतात, ती योजना लिथियमला घातक आहे. त्याकरितां लिथियमचेंच बटण हवें.

या ज्ञानाचें मोल आतां वाढलें आहे. १ एप्रिल २०२० पासून वाहनधुराचे नवे निर्बंध लागू झाले आणि कार्बोरेटरच्या जागीं विजेनें चालणारी इंधन-फवारणी आली. तेथें पंपालाहि वीज लागते आणि त्याच्या नियंत्रकालाहि. बॅटरी पार खालावली तर कित्येक गाड्या ढकलूनहि सुरू होत नाहींत. कोल्हापूरच्या पावसाळ्यांत गाडी आठवडेच्या आठवडे गोठ्याशेजारीं उभी राहते. मग एके पहांटे दूध डेअरीला पोंचविण्याची वेळ येते आणि यंत्र मुकें राहतें. अशा उभ्या गाडीच्या शिशाच्या बॅटरीला १३.५ व्होल्टच्या आसपासचा जोपासनेचा दाब, किंवा महिन्यांतून एकदां मंद भरणा, हाच उपाय. त्या वेळीं खोली हवेशीर असावी, विडी-काडी दूर ठेवावी, आणि चिमटे लावतांना-काढतांना चार्जर बंद असावा. कारण भरतांना सुटणारा हायड्रोजन हवेंत शेंकडा चार झाला तरी ठिणगीनें पेटतो.

दिव्यांची माळ गेली आणि मिस्त्रीचा तो जागता डोळाहि आतां प्रत्येक दुकानांत सांपडत नाहीं. बटण दाबणें कोणासहि येतें. परंतु बटणामागचा प्रश्न ओळखल्यावांचून दाबलेलें बटण बॅटरीचा घात करतें. घट किती, सामर्थ्य किती आणि जात कोणती, हीं तिन्ही उत्तरें बहुधा बॅटरीच्या पेटीवर छापलेलीं असतात. जोडण्यापूर्वी तीं वाचावीं, एवढेंच तिचें मागणें आहे. यंत्र आधीं उघडून पाहणाऱ्या नगरीला तें जड वाटूं नये.